प्रायमरीचा एकच निकाल दोन चॅनेल्सवर वेगळा का दिसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याची रिपब्लिकन प्रायमरी, म्हणजे पक्षाच्या तिकिटासाठीची निवडणूक, झाली. ट्रम्प ५४ टक्के, निकी हेली ४३ टक्के. त्याच रात्री न्यू जर्सीतल्या काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या आवडत्या उजव्या चॅनेलची क्लिप टाकली, सूर असा की स्पर्धा संपली. सिएटलच्या चुलत बहिणीनं तिच्या डाव्या चॅनेलची टाकली, सूर असा की स्वतःच्याच पक्षातली इतकी मतं विरोधात जातात म्हणजे ट्रम्प कच्चे आहेत. तुम्ही विचारताय की यातलं खरं कुणाचं, आणि शेवटी उमेदवार ही चॅनेल्सच ठरवतात का.

आकडे दोघांचेही बरोबर होते. त्यामुळे नुसती आकड्यांची पडताळणी करून इथे काही हाती लागत नाही. प्रायमरीच्या काळात पक्षपाती चॅनेल आकडा खोटा सांगण्याच्या भानगडीत फारसं पडत नाही, त्याला गरजच नसते. तो आकडा कशाशी ताडून बघायचा, हे ते ठरवतं. ४३ टक्के म्हणजे ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ की ‘जिंकायला अपुरे’, हे मोजणारी पट्टी त्याच्या हातात असते आणि ती दर आठवड्याला सरकते. माझं सांगणं असं की ती पट्टी बाजूला ठेवा आणि पक्षाच्या नियमांनी मोजा. नियम कोरडे आहेत, वाचायला कंटाळवाणे आहेत, पण कुणाच्या आवडीनिवडीवर ते बदलत नाहीत.

सगळ्या राज्यांना एकच हिशेब मात्र लागत नाही. पक्ष कोणता, राज्य कोणतं, तिथे मत कोण देऊ शकतं आणि वेळापत्रकात ते राज्य कितवं, या चार गोष्टींवर उत्तर फिरतं. न्यू हॅम्पशायरचंच घ्या. तिथे कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेले मतदार हव्या त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतात, आणि हेलींच्या मतांचा मोठा भाग याच मतदारांचा होता. म्हणजे ‘स्वतःच्याच पक्षातली मतं’ हे बहिणीच्या क्लिपमधलं वाक्य निम्मं चुकलं. त्या राज्यातले २२ डेलिगेट (तिकीट ठरवणारे पक्षाचे प्रतिनिधी) मतांच्या प्रमाणात वाटले गेले, ट्रम्पना १३ आणि हेलींना ९. पण पुढे कॅलिफोर्नियात नियम असा होता की ५० टक्क्यांच्या वर गेलेल्या उमेदवाराला सगळेच्या सगळे १६९ डेलिगेट. तिथे ४३ टक्के मिळवले असते तरी पदरात शून्य पडलं असतं. तिकिटापुरतं बोलायचं तर काकांची बाजू बरोबर होती. बहिणीचा मुद्दा नोव्हेंबरातल्या निवडणुकीबद्दलचा होता, आणि तो प्रायमरीच्या आकड्यांवरून सिद्ध करता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प निवडून आले, हे तुम्हाला माहीतच आहे.

आता पाया. प्रायमरी म्हणजे पक्षाच्या तिकिटासाठीची निवडणूक. आपल्याकडे तिकीट हायकमांड देतं. तिथे राज्याराज्यांतले मतदार आपल्या राज्याचे प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, कुणाच्या पारड्यात जायचे ते ठरवतात, आणि उन्हाळ्यात पक्षाच्या अधिवेशनात ते डेलिगेट मतदान करतात. निम्म्याहून जास्त डेलिगेट ज्याचे, तिकीट त्याचं. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे एकूण २,४२९ डेलिगेट होते, म्हणजे मॅजिक फिगर १,२१५. ट्रम्पनी ती १२ मार्चला गाठली.

ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. शिकागोच्या त्या अधिवेशनात सभागृहात आणि रस्त्यावर जो गदारोळ झाला, त्यानंतर पक्षानं नियम बदलले आणि १९७२ पासून तिकिटाची चावी खरोखर मतदारांकडे गेली. याचा एक परिणाम कुणी ठरवून केलेला नव्हता. ‘हा माणूस दमाचा, तो नुसताच हौशी’ हे आधी पक्षाचे पुढारी बंद खोलीत ठरवत. पुढाऱ्यांची ती खोली गेली, पण दहा-पंधरा जणांतून चाळणी लावायचं काम कुणाला तरी करावंच लागणार होतं. ते वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीनं उचललं. माध्यमांचा प्रायमरीतला खरा अधिकार तिथून आला. १९८७ मध्ये प्रसारणावरचा समतोलाचा नियम (वादाच्या विषयात दोन्ही बाजू दाखवायला लावणारा) रद्द झाला, १९९६ मध्ये फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी सुरू झाली, हे सगळं त्या अधिकारावर नंतर चढलेलं पुट आहे. (तो समतोलाचा नियम केबल चॅनेल्सना लागूच नव्हता. त्यामुळे ‘तो नियम असता तर फॉक्स असं नसतं’ हा नेहमीचा युक्तिवाद टिकत नाही.)

डेलिगेटचा हिशेब एकदा हातानं करून बघा, म्हणजे टीव्हीवरचा अर्धा गोंधळ आपोआप निवळेल. डेमोक्रॅटिक पक्षात मतांच्या प्रमाणात डेलिगेट मिळतात, पण अट अशी की किमान १५ टक्के मतं हवीत. ही अट राज्याच्या पातळीवर वेगळी आणि प्रत्येक मतदारसंघात वेगळी लागते. २०२० च्या न्यू हॅम्पशायरमध्ये सँडर्सना २५.६ टक्के, बुटिजेजना २४.३ टक्के आणि क्लोबुशार यांना जवळपास २० टक्के मतं पडली. चोवीस डेलिगेटची वाटणी झाली ९, ९ आणि ६. वॉरन ९ टक्क्यांवर आणि बायडन ८ टक्क्यांवर, दोघांनाही शून्य. बातमी होती ‘सँडर्स जिंकले’. डेलिगेटच्या खात्यात ती बरोबरी होती.

मतदारसंघातली गंमत आणखी खोल आहे. समजा एका मतदारसंघात चार डेलिगेट आहेत आणि लढत दोघांत आहे. एकाला ६० टक्के, दुसऱ्याला ४० टक्के. चारचे ६० टक्के २.४ होतात आणि ४० टक्के १.६. पूर्णांक वाटले की दोन आणि एक. उरलेला एक डेलिगेट मोठ्या अपूर्णांकाला, म्हणजे .६ वाल्याला जातो. झाले दोन-दोन. वीस टक्क्यांनी जिंकूनही आघाडी शून्य. तीन डेलिगेट मिळवायचे तर ६२.५ टक्क्यांच्या वर जावं लागतं. शेजारच्या मतदारसंघात तीनच डेलिगेट आहेत आणि तिथे निकाल ५१-४९ लागला, तर वाटणी दोन-एक होते. दोन टक्क्यांच्या विजयानं एका डेलिगेटची आघाडी. सम संख्येचे मतदारसंघ मोठा विजय गिळतात, विषम संख्येचे निसटता विजयही वसूल करून देतात. २००८ मध्ये नेवाडात हिलरी क्लिंटन मतांत पुढे होत्या, पण डेलिगेटची मोजणी झाली ओबामा १३, क्लिंटन १२. उत्तरेकडच्या ग्रामीण भागातला विषम संख्येचा मतदारसंघ ओबामांनी घेतला होता. त्यांच्या प्रचारातली माणसं राज्य न बघता मतदारसंघ बघत होती. त्या रात्री टीव्हीवर नकाशा मात्र एकाच रंगाचा.

रिपब्लिकन पक्षात नियम राज्यागणिक बदलतात आणि पुढे असलेल्याला झुकतं माप मिळतं. २०१६ ची साऊथ कॅरोलायना हा मला सर्वात बोलका दाखला वाटतो. तिथे ५० डेलिगेट होते. त्यातले २९ राज्यभर पहिल्या येणाऱ्याला, आणि सात मतदारसंघांत प्रत्येकी तीन, म्हणजे २१, त्या त्या मतदारसंघात पहिल्या येणाऱ्याला. ट्रम्पना मतं पडली ३२.५ टक्के. तीन मतदारांतल्या दोघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. डेलिगेट मिळाले ५० पैकी ५०. पुढे फ्लोरिडात जवळपास ४६ टक्क्यांवर ९९ पैकी ९९. विरोधातली मतं रुबिओ, क्रूझ, केसिक, बुश यांच्यात फुटत राहिली, तोवर निम्म्याहून कमी मतांवर ट्रम्पची गाडी पुढे निघून गेली. बहुमत आणि सर्वाधिक मतं यांतला हा फरक मराठी वाचकाला नवा नाही, विधानसभेच्या चौरंगी लढतीत आपण तो दर वेळी बघतो. तिकडच्या मराठी माणसालाही तो अनुभव आहे: २०२२ मध्ये बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटच्या मतदारसंघात नऊ जणांच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत साधारण २८ टक्के मतांवर जिंकले, आणि मतदारसंघ पक्षाचा बालेकिल्ला असल्यानं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, पोचले. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत शेवटी डेलिगेटचं बहुमत लागतं हे खरं, पण २८-३० टक्के मतांतून ते बहुमत घडवायची यंत्रणा रिपब्लिकन नियमांतच बसवलेली आहे.

आता पट्टी सरकवण्याकडे येऊ. हा खेळ केबल चॅनेल्सच्या आधीपासूनचा आहे. १९६८ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना सुमारे ४९ टक्के आणि युजीन मॅकार्थींना ४२ टक्के मतं पडली. जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवर छापलेलंही नव्हतं, लोकांनी हातानं लिहून मतं दिली. तरी मथळे मॅकार्थींच्या ‘नैतिक विजयाचे’ लागले, आणि महिना संपायच्या आत जॉन्सन यांनी माघार घेतली. १९७२ मध्ये त्याच राज्यात मस्कींनी ४६ विरुद्ध ३७ असा विजय मिळवला, बातमी झाली ती ३७ वाल्या मॅकगव्हर्नची. १९७६ मध्ये आयोवात जिमी कार्टर ‘जिंकले’, प्रत्यक्षात ते ‘कुणालाच नाही’ या पर्यायाच्या मागे होते: त्याला ३७ टक्के, कार्टरना २८च्या आसपास. १९९२ मध्ये बिल क्लिंटन न्यू हॅम्पशायरमध्ये २५ टक्क्यांवर दुसरे आले आणि स्वतःला ‘कमबॅक किड’ म्हणवून घेतलं. पहिले आलेले पॉल सोंगस ३३ टक्क्यांवर होते. त्यांचं नाव आज कितीजणांना आठवतं?

या चारही वेळी आकडे उघड होते, कुणी लपवले नव्हते. अपेक्षा आधी ठरली, मग निकाल तिच्याशी ताडला गेला. पूर्वी ही अपेक्षा ठरवणारी पत्रकारांची एकच जमात होती, म्हणून देशभर एकच गोष्ट पोचायची. आता दोन जमाती आहेत, दोन पट्ट्या आहेत, आणि एकाच घरातल्या दोघांपर्यंत दोन गोष्टी पोचतात.

२०२० च्या आयोवानं तर पट्टी निवडायची सोय सगळ्यांनाच करून दिली. ३ फेब्रुवारीला मोजणीचं ॲप कोलमडलं, निकाल दिवसेंदिवस लांबला. त्याच वर्षी पक्षानं पहिल्यांदाच तीन वेगवेगळे आकडे जाहीर करायचं ठरवलं होतं: कॉकसमध्ये, म्हणजे प्रायमरीऐवजी होणाऱ्या पक्षाच्या स्थानिक बैठकांत, लोक आधी कुणाकडे उभे राहिले, १५ टक्क्यांखालच्यांची फेरवाटणी झाल्यावर कुणाकडे, आणि त्यातून राज्य अधिवेशनासाठी किती वजन मिळालं. पहिल्या दोन यादीत सँडर्स पुढे, तिसऱ्यात बुटिजेज २६.१७ विरुद्ध २६.१३ अशा केसभर फरकानं पुढे. बुटिजेज यांनी निकाल हाती यायच्या आतच विजयाचं भाषण केलं, सँडर्सनी नंतर आपला विजय जाहीर केला, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं कुणालाच विजयी घोषित केलं नाही. माझ्या मते त्या आठवड्यातलं सर्वात प्रामाणिक वाक्य तेच न बोललेलं होतं.

मग उमेदवार चॅनेल्स ठरवतात का? माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. आणि हे उत्तर दोन्ही बाजूंच्या भक्तांना आवडत नाही.

फॉक्सचं बघा. ६ ऑगस्ट २०१५ ला क्लीव्हलँडच्या पहिल्या चर्चेत फॉक्सच्या सूत्रसंचालक मेगिन केली यांनी ट्रम्पना बायकांबद्दलच्या त्यांच्या वक्तव्यांवरून धारेवर धरलं. ती चर्चा २ कोटी ४० लाख लोकांनी पाहिली. जानेवारीत ट्रम्पनी फॉक्सच्या पुढच्या चर्चेवर बहिष्कार टाकला. नॅशनल रिव्ह्यू या उजव्या विचारांच्या जुन्या नियतकालिकानं त्यांच्या विरोधात अख्खा अंक काढला. तरी तिकीट ट्रम्पनाच मिळालं, आणि चॅनेल वळलं ते त्यांच्या बाजूला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच मालकाच्या न्यूयॉर्क पोस्टनं रॉन डिसँटिस यांना पहिल्या पानावर पक्षाचं भविष्य म्हणून मिरवलं. डिसँटिस आयोवात २१ टक्के मिळवून सहा दिवसांत घरी गेले. डावीकडे २०२० मध्ये सँडर्स नेवाडा जिंकल्यावर एमएसएनबीसीच्या ख्रिस मॅथ्यूज यांनी त्या विजयाची तुलना १९४० मध्ये नाझींपुढे पडलेल्या फ्रान्सशी केली. ओरड झाली, त्यांनी माफी मागितली. पण सँडर्सना थांबवलं ते त्या वाक्यानं नव्हे. २६ फेब्रुवारीला साऊथ कॅरोलायनात तिथले वजनदार खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडनना पाठिंबा दिला, २९ ला बायडन ४८ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन जिंकले, बुटिजेज आणि क्लोबुशार दोन दिवसांत बाजूला झाले आणि ३ मार्चला सुपर ट्यूजडेच्या, म्हणजे एकाच मंगळवारी मतदान झालेल्या, १४ राज्यांपैकी १० बायडनकडे गेली. अब्जाधीश उमेदवार ब्लूमबर्ग यांनी तर जाहिरातींचा पूर आणला, १०० कोटी डॉलरच्या वर प्रचारावर घातले, आणि जिंकलं फक्त अमेरिकन सामोआ.

पक्षपाती चॅनेल आपल्या प्रेक्षकाच्या मागे चालतं. सार्वत्रिक निवडणुकीत हे दिसत नाही, कारण तिथे ‘आपला’ उमेदवार एकच असतो. प्रायमरीत सगळेच आपले, म्हणून चॅनेल आधी चाचपडतं आणि प्रेक्षक कुठे निघालाय ते कळलं की तिकडे वळतं. डोमिनियन या मतदान यंत्रांच्या कंपनीनं फॉक्सवर खटला भरला, तेव्हा २०२० च्या निवडणुकीनंतरचे जे अंतर्गत निरोप उघड झाले, त्यांत हीच भीती होती: खरं सांगितलं तर प्रेक्षक दुसऱ्या चॅनेलकडे जातील. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो खटला मिटवला. मला हे भयंकर वाटतं, आणि ते भयंकर असण्याचं कारण चॅनेलची ताकद हे नाही. चॅनेल प्रेक्षकाला काहीच नकोसं सांगू शकत नाही, ही त्याची दुर्बलता लोकशाहीला जास्त महाग पडते.

दोन जागी मात्र माध्यमांचा हात खरोखर पोचतो. पहिली जागा म्हणजे मंच कुणाला द्यायचा. २०१५ मध्ये १७ इच्छुक होते. फॉक्सनं पाच राष्ट्रीय सर्वेक्षणांची सरासरी काढून पहिल्या दहांना रात्रीची चर्चा दिली, बाकीच्यांना दुपारची. ज्या सर्वेक्षणांत तीन-चार टक्के इकडेतिकडे होणं ही नेहमीची चूक, त्यांत एखाद्या टक्क्यानं माणूस खाली ढकलला गेला. टेक्सासचे माजी गव्हर्नर रिक पेरी दुपारच्या गटात पडले आणि सप्टेंबरात स्पर्धेबाहेर गेले. त्यात राष्ट्रीय सर्वेक्षण प्रायमरीच्या आधी मुख्यतः नावाची ओळख मोजतं. न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी २००७ चं बहुतेक वर्ष राष्ट्रीय सर्वेक्षणांत पहिले होते, प्रत्यक्षात त्यांना एकही डेलिगेट मिळाला नाही.

दुसरी जागा म्हणजे फुकटची वेळ. मार्च २०१६ च्या मध्यापर्यंत ट्रम्पना मिळालेल्या फुकट प्रसिद्धीची किंमत माध्यमांचा हिशेब ठेवणाऱ्या एका कंपनीनं सुमारे १९० कोटी डॉलर लावली होती. स्वतःच्या जाहिरातींवर त्यांचा खर्च होता साधारण एक कोटी. यात विरोधी सुराची प्रसिद्धीही धरलेली होती, आणि त्यातली बरीच स्वतःला तटस्थ म्हणवणाऱ्या चॅनेल्सनी दिलेली. रिकामा मंच आणि ‘थोड्याच वेळात ट्रम्प बोलणार’ अशी पट्टी ती चॅनेल्सही दाखवत होती. पक्षपातावर बोलताना हे विसरलं जातं. तटस्थ चॅनेल प्रेक्षकसंख्येकडे झुकतं आणि तो झुकावही कुणाच्या तरी पथ्यावर पडतो.

आता क्लिपबद्दल. ग्रुपवर आलेली क्लिप उघडली की आधी ती बातमीच्या वेळेतली आहे की मतप्रदर्शनाच्या कार्यक्रमातली, ते बघा. एकाच चॅनेलवर संध्याकाळी सहाचा बातमीदार आणि रात्री नऊचा सूत्रसंचालक हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. मग पाहुणा कोण, ते बघा. ‘राजकीय विश्लेषक’ या पट्टीखाली बसलेला माणूस बरेचदा कुठल्यातरी प्रचाराचा माजी किंवा चालू सल्लागार असतो, आणि चॅनेल त्याला मानधन देत असतं. २०१६ मध्ये डोना ब्राझील सीएनएनवर भाष्यकार होत्या आणि डेमोक्रॅटिक पक्षातही पदाधिकारी होत्या. सीएनएनच्या कार्यक्रमात येणारे प्रश्न त्यांनी क्लिंटन यांच्या प्रचाराला आधी कळवल्याचं फुटलेल्या ईमेल्समधून बाहेर आलं आणि ऑक्टोबरात सीएनएननं संबंध तोडले. त्यानंतर आवाज. २००४ मध्ये आयोवात तिसरे आल्यावर डेमोक्रॅटिक इच्छुक हॉवर्ड डीन यांनी कार्यकर्त्यांपुढे आरोळी ठोकली. त्यांच्या हातातला माइक आजूबाजूचा गलका गाळून फक्त बोलणाऱ्याचा आवाज पकडणारा होता. सभागृहात कानठळ्या बसवणाऱ्या गोंगाटात ती आरोळी जेमतेम ऐकू येत होती, टीव्हीवर मात्र एक माणूस शांततेत किंचाळल्यासारखी वाटली, आणि पुढचे कित्येक दिवस तीच वाजत राहिली. लोक हे उदाहरण ‘माध्यमांनी डीनना संपवलं’ म्हणून देतात. मी ते वेगळ्या कारणासाठी देतो: डीन त्या रात्री आधीच १८ टक्क्यांवर तिसरे आलेले होते. क्लिपच्या आधीचा निकाल बघायची सवय लावून घ्या.

सर्वेक्षणाची क्लिप असेल तर तीन गोष्टी शोधा: राष्ट्रीय आहे की राज्याचं, ‘मत देण्याची शक्यता असलेले’ किती जण विचारले, आणि चूक किती. ६०० जणांच्या सर्वेक्षणात प्रत्येक आकड्याची चूक चार टक्क्यांच्या आसपास असते, आणि दोघांमधल्या फरकाची चूक त्याच्या दीडपट ते दुप्पट. तीन टक्क्यांच्या ‘आघाडी’वर रंगलेली अर्ध्या तासाची चर्चा तुम्ही तिथेच बंद करू शकता.

निकालाचा दिवस बसून बघायचा असेल तर वेळेचा हिशेब ठेवा. पूर्वेकडच्या राज्यांत रात्री आठला मतदान संपतं तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा झालेले असतात. कॅलिफोर्नियाचे आठ म्हणजे आपले साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर हे एक तास अलीकडे येतं. तिथे आपल्यासारखा देशभराचा निवडणूक आयोग निकाल सांगत नाही. रात्रीचा ‘विजयी’ हा वृत्तसंस्था आणि चॅनेल्स स्वतःच्या हिशेबावर जाहीर करतात, अधिकृत निकाल राज्य नंतर लावतं. जानेवारी २०२४ मध्ये आयोवात असोसिएटेड प्रेसनं कॉकस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात ट्रम्प विजयी जाहीर केले, तेव्हा काही ठिकाणी लोकांनी अजून मत टाकलेलंही नव्हतं. अंदाज बरोबर निघाला, पण डिसँटिस यांच्या प्रचारानं केलेली तक्रार रास्त होती असं मी मानतो.

पडद्यावर ‘किती टक्के मोजणी’ लिहिलंय त्यापेक्षा उरलेली मतं कुठली आणि कशी टाकलेली, हे महत्त्वाचं. शहरी काउंटी बाकी आहे की ग्रामीण? टपालाची मतं आधी मोजली की नंतर मोजणार? २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेलं पाकीट आठवडाभरानं पोचलं तरी मोजलं जात होतं. तिथला पहिल्या रात्रीचा आकडा हा कच्चा हिशेबच समजायचा. शिवाय टपालानं लवकर मत टाकणाऱ्यांची मतं कधीकधी माघार घेतलेल्या उमेदवाराला गेलेली असतात, २०२० च्या सुपर ट्यूजडेला बुटिजेज आणि क्लोबुशार यांच्या बाबतीत हेच झालं. आणि निवडणूक कशाची आहे तेही बघा. २०२४ मध्ये नेवाडात ६ फेब्रुवारीला सरकारी प्रायमरी झाली आणि ८ ला पक्षाचा कॉकस. डेलिगेट फक्त कॉकसमधून मिळणार होते, तिथे ट्रम्प होते. प्रायमरीत हेली होत्या, ट्रम्प नव्हते, आणि तरी ‘यांपैकी कुणीही नाही’ या पर्यायानं त्यांना ६३ विरुद्ध ३० टक्क्यांनी हरवलं. दिवसभर चाललेली ती बातमी नामुष्कीची खरी होती, डेलिगेटच्या हिशेबात तिचं वजन शून्य होतं.

अधिकृत मोजणीची वाट का बघायची, ते २०१२ च्या आयोवावरून कळेल. ३ जानेवारीच्या रात्री मिट रॉम्नी ८ मतांनी विजयी ठरले आणि त्याच जोरावर न्यू हॅम्पशायरला गेले. दोन आठवड्यांनी पक्की मोजणी आली, तीत रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. आठ केंद्रांचे आकडे कधी सापडलेच नाहीत. तोवर न्यू हॅम्पशायर होऊन गेलं होतं, त्यामुळे सँटोरमना त्या विजयाचा ना पैसा मिळाला ना मथळा. आणि ऑगस्टमध्ये अधिवेशनात आयोवाच्या २८ डेलिगेटपैकी २२ जणांनी मत दिलं ते तिसऱ्या आलेल्या रॉन पॉल यांना, कारण कॉकसच्या रात्रीचं मतदान डेलिगेटवर बंधनकारकच नव्हतं. पॉल यांच्या कार्यकर्त्यांनी नियमपुस्तक वाचलेलं होतं. पुढे काउंटी, जिल्हा, राज्य अशा कंटाळवाण्या बैठका सुरू असताना कॅमेरे केव्हाच दुसऱ्या राज्यात गेले होते आणि ही माणसं शेवटपर्यंत खुर्च्यांवर बसून होती. त्यानंतर रिपब्लिकन पक्षानं नियम बदलला आणि २०१६ पासून आयोवाचे डेलिगेट कॉकसच्या रात्रीच्या मतांना बांधले गेले.